मागाची वाटणी

माझ्या नातीला कॉलेजात एका इंग्रजी शब्दाचं कूळ शोधून लिहायला सांगितलं होतं. शब्दालाही कूळ असतं हे मला तेव्हाच कळलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही पुरं नाही. पण मेथी निवडता निवडता ऐकायला काय जातं. शब्द होता ‘एअरलूम’. ती म्हणाली, आजी, पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेल्या वस्तूला इंग्रजीत असं म्हणतात. दागिना असो, घड्याळ असो, काहीही. मी म्हटलं, बरं. मग तिनं तो शब्द उसवून दाखवला. ‘एअर’ म्हणजे वारस. हा अर्धा लॅटिनमधून फ्रेंचात गेला आणि तिथून राज्य करायला आलेल्या लोकांबरोबर इंग्लंडात शिरला. ‘लूम’ हा दुसरा अर्धा मात्र तिथल्याच मातीतला. आज लूम म्हणजे कापड विणायचा माग.

“माग?” मी विचारलं.

“हो ना. पण फार पूर्वी लूम म्हणजे घरातलं कुठलंही अवजार, भांडंकुंडं. पुढं तो शब्द मागालाच चिकटून राहिला. आणि एअरलूम म्हणजे असं अवजार, जे वाटणीत धरायचं नाही. बाकीच्या चीजवस्तू वाटून घ्या, पण ते अख्खं घराबरोबर वारसाकडं जायचं. तसा रिवाजच होता त्यांच्यात.”

“फोडायचं नाही?”

“नाही आजी. अख्खं.”

मी पुढची जुडी घेतली आणि पानं कचऱ्याच्या टोपलीत टाकून काड्या ताटात ठेवल्या. नातीनं ते पाहिलं. म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आमच्याकडं तसा रिवाज नव्हता. तिला तेवढंच सांगितलं. बाकीचं इथं लिहिते.

आमचं घर शहागंजच्या मागं एका गल्लीत होतं. गल्लीत निम्मे मोमीन, निम्मे आम्ही साळी, आणि सगळ्यांच्या घरी हिमरूचे, म्हणजे सुतात रेशमी फुलं विणलेल्या कापडाचे माग. आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माग आणि आतल्या खोलीत आम्ही सहा माणसं: आजोबा म्हणजे आबा, माझे वडील अण्णा, माय, धाकटा काका तात्या, त्याची नवी बायको आणि मी. मागाला जमिनीत कमरेएवढा खड्डा होता. त्यात पाय सोडून अण्णा बसायचे. पायाखालची पावडी दाबली की कुरकुर, आडव्या सुताचा धोटा गेला की सुर्र, फणी आपटली की खट्. गल्लीतल्या सगळ्या घरांतून हाच आवाज एकात एक मिसळून यायचा. त्यामुळं माय चुलीपुढून ओरडूनच बोलायची. “जेवायला या” हे ती भांडणासारखं म्हणायची. ही सवय तिची शेवटपर्यंत गेली नाही. माग गेल्यावरही, भिंतीवरची पाल चुकचुकलेली ऐकू येईल अशा घरात, ती ओरडूनच बोलायची. शेजारच्या नव्या भाडेकरूंना वाटायचं, ही बाई कजाग आहे.

मागाच्या वर भिंतीत बसवलेली आडवी फळी होती, तिच्यावर माझी जागा. आधी तिथं तात्या बसायचा. मी सात वर्षांची झाले तशी मला चढवली आणि तात्या अण्णांशी पाळीपाळीनं विणायला बसू लागला. वर माझ्या पुढ्यात नक्शा लोंबत असायचा. नक्शा म्हणजे कागदावरचं चित्र नव्हे. पांढऱ्या सुताच्या शेकडो दोऱ्या आणि त्यांच्यात आडवे गुंफून गाठवलेले दोरे. प्रत्येक आडव्या दोऱ्याचा एक फास. एक फास ओढला की खाली ताण्याचे ठरावीक धागे उचलले जायचे आणि त्यांच्याखालून अण्णा रेशमाचा धोटा घालायचे. कापडात फुलाची एक ओळ झाली. चौऱ्याऐंशी फास ओढले की एक फूल पुरं. ते फूल कागदावर कुठंच नव्हतं. ते त्या गाठींत होतं आणि गाठी आबांच्या तरुणपणी एका उस्तादानं बांधलेल्या होत्या.

फूल होतं डाळिंबाच्या कळीसारखं, मिटलेलं, खाली दोन पानं. ते एका खानदानाचं होतं. त्या घरात नवरदेवाची शेरवानी त्याच फुलाच्या कापडाची शिवायची, दुसऱ्या कुणाला ते विणून द्यायचं नाही आणि विणकरानं बोटभर तुकडाही घरात ठेवायचा नाही, असा आबांनी शब्द दिलेला. त्यामुळं आमच्याकडं ते विणलं जायचं, पण आमच्याकडं ते कधीच नव्हतं. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नाही.

पोलीस ॲक्शन झाली. आमच्याकडं तिला नुसतं ॲक्शन म्हणतात. त्यानंतर जहागिऱ्या गेल्या, शेरवान्या पेटीत गेल्या, बरीच माणसं हैदराबादला आणि काही कराचीला गेली. नक्शा बांधणारे उस्ताद पोरांच्या मागं कराचीला गेले. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले. लोक म्हणायचे, आता आपलं राज्य आलं. ते खरंच होतं, मला त्यात काही खोट काढायची नाही. शाळा मराठी झाली म्हणून मी शिकले. पण आमचं कापड घेणारी माणसं गेली होती आणि आपल्या राज्याला हिमरू नको होता.

ॲक्शननंतर तिसऱ्या वर्षी आबा वारले. तात्याचा सासरा देवगाव रंगारीचा, शेतीवाला माणूस. त्याला मुलगा नव्हता. त्यानं तात्याला म्हटलं, इथं उपाशी कामून मरता, माझ्याकडं या. तात्यानं वाटणी मागितली.

आमच्यात वाटणीची रीत साधी होती. थोरल्यानं दोन ढीग करायचे, धाकट्यानं एक उचलायचा. उचलल्यावर कुणी बोलायचं नाही. हंडे, तांबे, गोधड्या यांचे ढीग सकाळीच झाले. दुपारी मागाची पाळी आली. बिरादरीतले दौलतमामा पंच म्हणून बसले होते. तात्याचा सासरा फेटा घालून भिंतीला टेकला होता. अण्णांनी माग सोडला. खांब, पावड्या, फण्या, धोटे, कापड गुंडाळायचा तुळईएवढा रूळ, सगळं एका बाजूला रचलं. दुसऱ्या बाजूला एक धोतर अंथरलं आणि त्याच्यावर नुसता नक्शा ठेवला.

तात्या बघत राहिला. “दादा, ह्ये काय? निस्तं सूत येकीकडं अन् समदं लाकूड येकीकडं?”

“दोन ढीग करायचे व्हते, केले,” अण्णा म्हणाले. “नको असलं तर मोडतो. वाटणीच नको करू, दगडू. ऱ्हा इथंच.”

तात्या हसायच्या बेतात होता. मी वरच्या फळीवरून त्याचं तोंड बघत होते, मला ते आजही दिसतं. तेवढ्यात सासरा हसला. म्हणाला, “जावईबापू, लाकूड घ्या की. सागवान हाय. गोठ्याला आडवं टाकू, म्हशी गप ऱ्हातील.”

तात्याचं हसू गेलं. आबांच्या मागाला म्हशी बांधायच्या, हे त्याला सोसणारं नव्हतं. आणि सासऱ्यासमोर नाही म्हणायची त्याची ताकद नव्हती. त्यानं वाकून धोतराची चारी टोकं गोळा केली आणि नक्शा काखेत घेतला. दौलतमामा म्हणाले, “झालं. आता बोलायचं नाय.”

त्या दिवशी जेवताना माय अण्णांना म्हणाली, “मुद्दाम केले ना तसले ढीग?”

“मला वाटलं, ढीग बघून हसंल. म्हणंल, दादा, असं कसं व्हईल.”

“मग?”

“त्याचा सासरा हसला.”

नातीनं तो शब्द उसवला तेव्हा मला हे दोन ढीग आठवले. आमच्या मागाची अवजारंही तशीच होती. फणी, धोटा, पावडी ही नावं इथली. नक्शा हे नाव फारसी बोलणाऱ्यांबरोबर आलेलं. कुणाचं काय हे कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण दोन्ही मिळून कापड निघायचं. वेगळं केल्यावर एकीकडं सरपण राहिलं आणि एकीकडं सुताचा गुंता.

पुढचं वर्ष कसं गेलं ते खाण्यावरून सांगते. आधी तुरीचं वरण गेलं. मग भाकरीबरोबरची लसणाची चटणी गेली, कारण तेल नव्हतं. मग भाकरी गेली आणि ज्वारीच्या कण्या आल्या. नंतर रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळायची. तिला जनावराच्या आंबोणासारखा वास यायचा. माय त्यात अंबाडीचा पाला घालायची, म्हणजे आंबट लागून वास कळत नसे. अण्णांनी माग पुन्हा उभा करून साधे पंचे विणले, ते गिरणीच्या कापडापुढं कुणी हातात धरले नाहीत. अण्णा दिवसभर खड्ड्यात पाय सोडून बसून राहायचे, न विणता. मला शाळेत जाताना त्यांच्यासमोरून जायची भीती वाटायची.

मग एक दिवस त्या खानदानाचे म्हातारे कारभारी आले. त्यांच्या शेरवानीला कोपरावर रफू होता. घरातल्या शेवटच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. जुन्या शेरवान्या ॲक्शनच्या गडबडीत गेल्या, एकही उरली नव्हती. कापड तेच हवं, फूल तेच हवं. त्यांनी रेशमाच्या लडी आमच्या चटईवर ठेवल्या. डाळिंबी रंगाच्या. ते म्हणाले, ये आखरी है, बाबा. रजबचा महिना संपायच्या आत कापड हवं होतं. लग्न पार पडल्यावर हैदराबादच्या नातेवाइकांतही दोन-तीन कामं निघतील, असंही म्हणाले. अण्णांनी नक्शा घरात नाही हे सांगितलं नाही. “जी,” एवढंच म्हणाले. माय रेशमाला हात न लावता नुसती त्याच्याजवळ बसली. तिनं त्या दिवशी शेजारणीकडून वाटीभर तेल आणून चटणी केली.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी कन्नडला जाणाऱ्या मोटारीनं देवगावला निघालो. मला नेलं, कारण फासांची ओळ उलटसुलट झाली असली तर मला कळेल असं अण्णांना वाटलं. वाटेत ते बऱ्याच दिवसांनी बोलत होते. तात्या लहानपणी धोट्याची होडी करून खेळायचा आणि आबांचा मार खायचा, असलं काहीबाही.

तात्या शेतात गेलेला होता. त्याच्या सासूनं ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. काकू दाराच्या आड उभी राहिली. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी थेट बोलायचं नाही म्हणून ती काही बोलेना. पण तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, तो मला दिसला.

अण्णा म्हणाले, “मावशी, दगडूनं नक्शा आणला व्हता तेवढा महिनाभर पायजे. परत आणून देतो.”

“ते सूत व्हय?” म्हातारी खूश झाली. “थांबा, दाखवते.” आतून तिनं एक दुरडी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. दुरडीत सुताचे सात गुंडे होते. बेलफळासारखे गोल, घट्ट, सुबक. “जावयानं आढ्याला टांगून ठिवला व्हता गुंता. म्या म्हणलं, येवढं चांगलं सूत, उंदरं खातील. पावसाळाभर बसून येक येक गाठ सोडली, पाव्हणं. ह्या बोटाचं नख गेलं माझं. पर येक दोरा तुटू दिला नाय.”

अण्णांनी एक गुंडा उचलला. त्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता ते ओरडतील. मी दुरडी घट्ट धरली.

“लई कष्ट घेतले तुमी, मावशी,” अण्णा म्हणाले.

दाराआडून काकूचा आवाज आला, “कौसे, तुझ्या अण्णांला म्हणावं, मी कांद्याच्या खुरपणीला जात व्हते. घरी आले तवा निम्मा सुटला व्हता. आईला सांगून उपेग नव्हता आता.” मी ते अण्णांना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलंच होतं.

तात्या आला. आम्हाला बघितलं, दुरडी बघितली, आणि ओसरीच्या पायरीवरच बसला. बराच वेळ त्यानं पायाची माती काढली.

“दादा, म्या तुला सांगाया येणार व्हतो.”

“कधी?”

“रोज,” तात्या म्हणाला.

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं होतं, गरम भाकरी, वर लोणी. मी चार खाल्ल्या. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आता वाटते. अण्णांनी एक घेतली आणि तीही निम्मी ठेवली.

मोटारीची वाट बघत आम्ही बाभळीखाली बसलो. दुरडी माझ्या मांडीवर. अण्णांचं तोंड खड्ड्यात पाय सोडून बसायचे तसं झालं होतं. मला ते तोंड परत घरी न्यायचं नव्हतं. मी म्हणाले, “अण्णा, मला पाठ हाय.”

“काय?”

“नक्शा. समद्या ओळी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “खरं?”

“व्हय.”

विणकराच्या पोरीनं बोलू नये असं ते बोलणं होतं. वर बसून ओढणाऱ्याच्या हाताला फक्त पुढचा फास ठाऊक असतो. कुठल्या फासाला कुठले धागे बांधलेत, ते गाठ जाणते, हात जाणत नाही. मला फूल पाठ होतं, धागे पाठ नव्हते. हे मला थोडंफार कळत होतं. आणि अण्णांना तर पुरतंच कळायला हवं होतं. पण त्यांनी मान हलवली आणि मोटारीत ते पुन्हा बोलू लागले.

घरी येऊन त्यांनी म्हातारीच्या गुंड्यांतूनच नवा नक्शा बांधायला घेतला. आठ दिवस मी शाळेत गेले नाही. मी डोळे मिटून म्हणायची, “डावीकडून बारा सोड, तीन धर, एक सोड, तीन धर,” आणि अण्णा बांधायचे. देठ आलं. खालची दोन पानं आली. तिथपर्यंत खरं होतं असं मी आजही म्हणते. तिसाव्या ओळीच्या पुढं मी मनानं सांगू लागले. मी न थांबता सांगत होते, कारण थांबले असते तर कळलं असतं. माय अधूनमधून येऊन बघायची आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. तो हात मला नकोसा व्हायचा.

मग कारभाऱ्यांचं रेशीम मागावर चढलं. मी फळीवर बसले. बऱ्याच महिन्यांनी आमच्या घरातून खट् असा आवाज निघाला आणि शेजारच्या मोमीनबाई दारात येऊन “मुबारक हो” म्हणून गेल्या. देठ बरोबर निघालं. पानं बरोबर निघाली. त्याच्यावर कळी मिटायला हवी होती, ती मिटली नाही. पाकळ्या जास्वंदीसारख्या फाकत गेल्या आणि एका बाजूला तर तुटल्याच. चौऱ्याऐंशी ओळी पुऱ्या झाल्यावर अण्णांनी फणी धरून ठेवली आणि फुलाकडं बघितलं. वर बघितलं नाही. म्हणाले, “ओढ.” आम्ही दुसरं फूल विणलं. तिसरं विणलं. दोन वीत कापड झालं. सगळी फुलं सारखीच चुकलेली होती.

कारभारी काम कुठवर आलं ते बघायला आले. त्यांनी चष्मा लावला, मागावर वाकून कापडावर तळवा ठेवला, आणि मागं सरकले.

“ये फूल हमारा नईं है, बाबा.”

“जी,” अण्णा म्हणाले.

“किन्ने बांधा?”

मी फळीवरच होते. कारभाऱ्यांनी वर बघितलं. अण्णांनी बघितलं नाही.

“मैंने,” अण्णा म्हणाले.

कारभारी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. उरलेल्या लडी त्यांनी रुमालात बांधल्या. अण्णांनी मागावरचं कापड कातरून त्याची घडी केली आणि तीही रुमालात ठेवली. दुसऱ्याचं रेशीम आमच्याकडं राहायला नको होतं. कारभारी जाताना उंबऱ्यावर थांबून एवढंच म्हणाले की, आता मुलाला साधी शेरवानी घालू, लग्न काय थांबतं का.

त्यानंतर अण्णा शहागंजात हमालीला लागले. विणकराची पाठ बसून वाकलेली असते, तिच्यावर पोतं नीट बसत नाही. पहिले पंधरा दिवस ते घरी आले की माय त्यांच्या खांद्याला हळद लावायची. मी आडतीवर धान्य निवडायला जाऊ लागले. चौथीची परीक्षा राहिली ती राहिलीच.

पाऊस लागला आणि सरपण ओलं झालं. मायनं आधी मागाची एक पावडी चुलीत घातली, कुणाला न विचारता. मग दुसरी. मग फण्या. खांब अण्णांनी स्वतः कुऱ्हाडीनं फोडून दिले, दोन रविवार लागले. रूळ तेल पिऊन पिऊन काळा झाला होता. तो चार दिवस जळला आणि घरभर जवसाच्या तेलाचा वास येत राहिला. खड्डा बुजवून त्यावर मायनं शेणानं सारवलं आणि तिथं आम्ही झोपू लागलो. म्हातारीच्या सुतानं मायनं गोधड्या शिवल्या. त्याही कधीच फाटल्या, त्यांचं पोतेरं झालं. नातीनं विचारलं होतं, आजी, आपल्या घरात असं एअरलूम काही आहे का, मला फोटो काढून लावायचा होता. मी म्हटलं, तुझ्या मोबाइलचाच काढ.

शेवटी माझी फळी राहिली होती. माय मला म्हणाली, “टाकू?” मी म्हणाले, “टाक.” तिनं ती दोन तुकडे करून चुलीत सारली. बसून बसून गुळगुळीत झालेली फळी, चांगली पेटली. त्या दिवशी ज्वारी मिळाली होती, मायनं भाकरी केल्या आणि त्या टम्म फुगल्या. अण्णा हमालीवरून आले, हातपाय धुऊन बसले. एक भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाले, “आज जाळ चांगला लागला.”

“फळी व्हती कौसीची!” माय ओरडून म्हणाली.

चुलीत निखारा तडकला. मला ते आता सांगावं लागलं.

“अण्णा,” मी म्हणाले, “मला पाठ नव्हतं.”

ते ताटात बघत होते. “ठावं हाय,” म्हणाले. “तिसाव्या ओळीलाच कळलं व्हतं.”

आणि त्यांनी मायकडं ताट सरकवून आणखी अर्धी भाकरी मागितली.